शोधशब्द

सकाळी नऊला मी शिव्या टाइप करते.
यादी आहे, वर्णानुक्रमे, दरवर्षी थोडी वाढते.
शेजारचा तुओमो कॉफी आणतो, दालचिनीचा पाव आणतो,
आणि मी पडद्यावर कुणाची कातडी, कुणाचा देव,
कुणाचं प्रेम
घाणेरड्या नावानं लिहिते
आणि एंटर दाबते.

देशभरच्या ठाण्यांतल्या तक्रारी वर येतात,
जाळं ओढल्यावर यावं तसं सगळं :
मासळी, शेवाळ, कुणाचा तरी बूट.

आज "माकड".
एका बारचं नाव निघालं, तिथे काचा फुटल्या होत्या.
सर्कशीच्या पोस्टरवर कुणी रंग फासलेला.
खेळण्यांच्या दुकानात चोरी.
आणि मग हे, टाम्पेरेचं, नोव्हेंबरातलं :

होदान वर्समे, वय चौतीस, नर्स,
रात्रपाळीहून परतताना, बसथांब्यावर.
अनोळखी पुरुषाने डोक्यावरचे कापड ओढले, ते फाटले.
नुकसान अंदाजे बारा युरो.
पुरुषाने अपशब्द वापरले.
पिशवीतून पडलेल्या वस्तू : डबा, किल्ल्या,
खेळण्यातले माकड, एक.

शीर्षक : मालमत्तेचे किरकोळ नुकसान.

मी दोनदा वाचलं.
तिला माझ्यापर्यंत आणलं ते
तिच्या लेकराच्या कापसाच्या माकडानं,
त्या माणसाच्या तोंडानं नाही.

तक्रार लिहिणारा हवालदार वेइक्को लाम्पिनेन
फोनवर म्हणाला, हो, आठवतं, चिखलाळलेला बर्फ होता.
काय म्हणाला होता तो माणूस?
बराच वेळ फोनवर नुसता श्वास.
"तसलं मी कागदावर लिहीत नाही.
आईनं शिकवलेलं नाही तसं."

म्हणजे कुणी दडवलं नव्हतं.
सभ्यपणानं पुसलं होतं.
जखम धुताना रक्ताबरोबर
हत्यार कुठलं होतं तेही वाहून जावं, तसं.

मग आवाज खाली आणून त्यानं तो शब्द सांगितला.
माझ्या यादीतला तिसरा.

तुओमोनं वेगळं वाचायचं असतं, माझं मत न ऐकता.
दोघांचं जुळलं तरच मोजायचं, असा नियम.
चष्मा पुसत तो एवढंच म्हणाला,
"बारा युरो. ही किंमत कुणी काढली असेल?"
आणि त्यानं खूण केली.
मीही केली होती.
आकडा एकानं वाढला.

मार्चमध्ये आमचा आकडा परदेशी जातो,
मोठ्या तक्त्यात दुसऱ्या देशांशेजारी जाऊन बसतो.
कुणाचे हजारांत. कुणाचे शंभरात.
काहींचं शून्य.
शून्य किती नीटनेटकं दिसतं,
परीटघडीच्या सदऱ्यासारखं.
झाकली मूठ सव्वा लाखाची.

एकदा परिषदेत अशाच एका देशाचे गृहस्थ
जेवताना माझ्याकडे मीठ सरकवत कळवळून म्हणाले,
"तुमच्याकडे फारच द्वेष आहे हो."
मी म्हणाले, "आमच्याकडे मोजायला दोघं आहेत."
ते हसले. मला वाटलं, बरं बोललो आपण.

रात्री हॉटेलात झोप येईना.
ज्यांच्या पिशवीत माकड नव्हतं
त्या कुठे आहेत?
कुठल्या शीर्षकाखाली, कुठल्या सभ्य हवालदाराच्या
वळणदार अक्षरात,
मालमत्ता, बाचाबाची, आवाजाचा त्रास,
की ठाण्याच्या पायरीपर्यंत येऊन
पाय झटकून परत गेल्या?

उद्या अठरावा शब्द.

होदानला यातलं काही कळवलं जात नाही.
तशी तरतूद नाही.
ती कुणाच्या तरी हातावरची पट्टी बदलत असेल आत्ता,
नवं कापड डोक्यावर.
माकड धुतल्यावर पूर्वीसारखं झालं का,
त्यासाठी आमच्याकडे रकाना नाही.